अ‍ॅलिस रॉबर्टसन: मिशनच्या शाळेतून काँग्रेसपर्यंत, आणि त्यांचं चरित्र लिहिताना काय सांभाळावं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकी काँग्रेसमधल्या दुसऱ्या स्त्री सदस्या अ‍ॅलिस रॉबर्टसन यांच्यावर मराठीत चरित्रलेख लिहायचा आहे. त्यांनी मुलींच्या शिक्षणासाठी हयात घालवली, तरी स्त्रियांच्या मताधिकाराला कडाडून विरोध केला. ही विसंगती कशी मांडायची आणि लेखाची सुरुवात कुठून करायची?

१९२० च्या निवडणुकीपासून सुरुवात करू नका. बहुतेक लेख तिथूनच सुरू होतात. मग मताधिकार नको म्हणणाऱ्या बाई तो मिळताच निवडून आल्या, एवढीच गोष्ट वाचकाच्या लक्षात राहते आणि आधीची ६६ वर्षं ओझरती उरकली जातात. सुरुवात करा १८३१ मध्ये, जॉर्जिया राज्यातल्या मिलेजविलच्या तुरुंगापासून.

तिथे अ‍ॅलिसचे आजोबा सॅम्युअल वूस्टर सक्तमजुरी भोगत होते. बॉस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने त्यांना १८२५ मध्ये चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीत मिशनरी म्हणून पाठवलं होतं. सेक्वोयाने चेरोकी भाषेसाठी घडवलेल्या लिपीचे खिळे (छपाईचे टाइप) बॉस्टनमध्ये ओतून घेण्यात वूस्टर यांचा मोठा वाटा होता. त्याच खिळ्यांवर फेब्रुवारी १८२८ मध्ये ‘चेरोकी फीनिक्स’ हे वृत्तपत्र निघालं. पुढे जॉर्जियाने कायदा केला की चेरोकी मुलखात राहणाऱ्या गोऱ्या माणसाने राज्याशी निष्ठेची शपथ घेऊन परवाना काढला पाहिजे. वूस्टर यांनी नकार दिला. अकरा जणांना चार-चार वर्षांची शिक्षा झाली. नऊ जणांनी माफी पत्करली. वूस्टर आणि एलायझर बटलर हे दोघे आत राहिले. मार्च १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चेरोकी हे वेगळं राष्ट्र आहे आणि तिथे जॉर्जियाचा कायदा चालत नाही. तरीही दोघांची सुटका व्हायला जानेवारी १८३३ उजाडलं, आणि चेरोकींची हकालपट्टी काही टळली नाही. वूस्टर त्यांच्या आधीच, १८३५ मध्ये, आजच्या ओक्लाहोमात गेले आणि त्यांनी तिथे पहिला छापखाना घातला.

या टप्प्यावर मराठी वाचकासाठी एक खरा दुवा आहे. हेच अमेरिकन बोर्ड १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगरला काम करत होतं. अहमदनगरच्या ज्या सिंथिया फॅरार बाईंच्या शाळेशी सावित्रीबाई फुल्यांच्या प्रशिक्षणाचं नाव जोडलं जातं, त्या याच बोर्डाच्या. सीमेवर शाळा, शाळेशेजारी छापखाना आणि स्थानिक भाषेत पुस्तकं ही पद्धत दोन्हीकडे एकच होती. पण हा दुवा एका परिच्छेदात संपवा, त्याहून ताणू नका. अ‍ॅलिसचे आईवडील ज्या शाळेत होते ती अमेरिकन बोर्डाची नव्हती, प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या बोर्डाची होती. सगळी मिशनं एकाच माळेत ओवली की पुढे पैसा कोणाचा आणि अधिकार कोणाचा हेच कळेनासं होतं.

पुढचा भाग टलहॅसी मिशनचा, म्हणजे आईवडिलांच्या याच शाळेचा, आणि इथे सावकाश लिहा, कारण अ‍ॅलिसचं सगळं राजकारण याच आवारात घडलं. क्रीक (मस्कोगी) या दुसऱ्या मूळ अमेरिकी जमातीच्या राष्ट्रातली ही निवासी शाळा १८५० मध्ये सुरू झाली. विटांची तीन मजली इमारत, ४० मुलगे आणि ४० मुली. खर्च जमातीच्या निधीतून आणि बोर्डाकडून असा दोहोंकडून यायचा, म्हणजे शाळा नुसती दानावर उभी नव्हती. क्रीक लोक स्वतःच्या पैशाने मुलं शिकवत होते. हा तपशील हमखास गळतो आणि मग मिशनरी कुटुंब एकटंच दाता असल्यासारखं चित्र उभं राहतं. विद्यार्थी दिवसाचा काही वेळ वर्गात आणि काही वेळ शेतात, स्वयंपाकघरात किंवा शिवणाच्या खोलीत असत. त्या श्रमांवरच शाळा चालायची.

वडील विल्यम रॉबर्टसन यांनी डेव्हिड विन्सलेट या क्रीक सहकाऱ्याबरोबर क्रीक भाषेचं पहिलं वाचनपुस्तक केलं. आई अ‍ॅन एलायझा वूस्टर यांनी नवा करार मूळ ग्रीकवरून क्रीक भाषेत आणला. त्यासाठी १८९२ मध्ये वूस्टर विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. हे विद्यापीठ ओहायोतलं. मराठीत नाव सारखंच लिहिलं जात असल्यामुळे ते कुटुंबाचं असल्याचा गैरसमज होऊ शकतो, तेव्हा तिथे ‘ओहायो’ हा शब्द टाकाच. अशा कामात शब्दाला शब्द सुचवणारे, उच्चार दुरुस्त करणारे क्रीक लोक असतात. विन्सलेटचं नाव तरी घ्या.

अ‍ॅलिसचा जन्म इथलाच, २ जानेवारी १८५४ चा. ‘ओक्लाहोमा राज्यात जन्म’ असं लिहू नका. ते राज्य १६ नोव्हेंबर १९०७ ला झालं. जन्माच्या वेळी तो इंडियन टेरिटरीतला, म्हणजे मूळ अमेरिकी जमातींसाठी ठेवलेल्या प्रदेशातला, क्रीक राष्ट्राचा मुलूख होता. फरक नुसत्या नावाचा नाही. त्या जमिनीवर रॉबर्टसन कुटुंब परक्या राष्ट्राच्या परवानगीने राहत होतं.

१८६१ मध्ये यादवी युद्धामुळे शाळा बंद पडली, कुटुंब उत्तरेकडे गेलं आणि १८६६ मध्ये परतलं. अ‍ॅलिसचं बरंचसं शिक्षण आईवडिलांच्या हातचं. मग न्यूयॉर्कमधलं एल्मायरा कॉलेज. तिथलं शिक्षण अर्धवट सोडून त्या १८७३ मध्ये वॉशिंग्टनला इंडियन ऑफिसात, म्हणजे मूळ अमेरिकी जमातींचा कारभार पाहणाऱ्या सरकारी कचेरीत, कारकून झाल्या, कारण धाकट्या भावंडांच्या शिक्षणाला पैसे हवे होते. त्या कचेरीतल्या त्या पहिल्या स्त्री कारकून. १८७९ पर्यंतच्या या नोकरीचं महत्त्व चरित्रकारांना सहसा कळत नाही. निधी कसा मंजूर होतो, टिपण कोणाच्या टेबलावर अडतं, कोणत्या खासदाराला पत्र लिहायचं हे त्या इथे शिकल्या. पुढची ४० वर्षं हेच ज्ञान कामी आलं.

डिसेंबर १८८० मध्ये टलहॅसीची इमारत जळाली. वडील त्यानंतर वर्षभरातच, १८८१ मध्ये वारले. ती जागा पुढे क्रीक राष्ट्रातल्या पूर्वीच्या कृष्णवर्णीय गुलामांच्या शाळेला मिळाली. याच सुमारास अ‍ॅलिस पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूलमध्ये कॅप्टन रिचर्ड प्रॅट यांच्या चिटणीस म्हणून काम करत होत्या. हा मुद्दा टाळू नका आणि एका विशेषणात उरकूही नका. कार्लाइलची पद्धत म्हणजे मुलांना घरापासून शेकडो मैल दूर न्यायचं, केस कापायचे, नावं बदलायची, मातृभाषा बोलू द्यायची नाही. टलहॅसीत छापखाना क्रीक भाषेत चालत होता आणि कार्लाइलमध्ये ती भाषा तोंडातून काढायला बंदी होती. एकाच बाईने दोन्ही ठिकाणी मनापासून काम केलं. ‘काळाच्या मर्यादा’ असं लिहून पुढे गेलात तर तुमचा लेख तिथेच बसला. दोन शाळांमधला हा फरक तपशिलाने मांडा, निर्णय वाचक करेल.

यानंतर संस्थांची साखळी लागते, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. अ‍ॅलिस यांनी देणग्या जमवून ओकमल्गीच्या पश्चिमेला नुयाका मिशन उभं केलं. तिथला कारभार बहीण ऑगस्टा यांनी पाहिला. मस्कोगी गावातली प्रेस्बिटेरियन मुलींची निवासी शाळा, मिनर्व्हा होम, ही वेगळी. १८८५ पासून ती अ‍ॅलिस यांच्याकडे होती. या शाळेचं १८९४ मध्ये हेन्री केंडल कॉलेज झालं, ते १९०७ मध्ये टल्सा शहरात हललं आणि १९२० मध्ये टल्सा विद्यापीठ झालं. म्हणून ‘टल्सा विद्यापीठाच्या संस्थापक’ हे वाक्य ढिलं आहे. विद्यापीठाचं मूळ ज्या मुलींच्या शाळेत आहे ती त्यांनी चालवली आणि पुढे त्याच कॉलेजात शिकवलं, एवढं लिहिलं की पुरे. त्यातच भरपूर मोठेपणा आहे. नुयाकाचं टल्सा विद्यापीठ झालं असं कुठे दिसलं तर ते सरळ चूक समजा.

आता विसंगतीकडे. मताधिकाराचा विरोध ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी विसंगती आहे असं मला वाटत नाही. खरी विसंगती १९०० ते १९०५ या काळात आहे, आणि तिच्यावर फार कमी लिहिलं गेलं आहे.

१८९८ च्या कर्टिस कायद्याने इंडियन टेरिटरीतल्या जमातींची न्यायालयं मोडली, जमिनीचे वैयक्तिक तुकडे पाडायला वाट करून दिली आणि जमातींच्या शाळांवर वॉशिंग्टनची देखरेख आणली. क्रीक राष्ट्राच्या शाळा तोवर त्यांच्या स्वतःच्या परिषदेखाली होत्या. शिक्षकांच्या नेमणुका, परीक्षा, पैसा सगळं त्यांच्या हाती होतं. आता वर सरकारी अधीक्षक बसला आणि क्रीक शाळांसाठी त्याच्या हाताखाली पर्यवेक्षक नेमल्या गेल्या त्या अ‍ॅलिस रॉबर्टसन. वैयक्तिक पातळीवर ही निवड उत्तम होती, कारण शाळा, भाषा आणि घरं त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणा गोऱ्या अधिकाऱ्याला माहीत नव्हती. पण त्या ज्या खुर्चीत बसल्या ती खुर्चीच जमातीचा अधिकार काढून घेऊन तयार झाली होती. जमातीवर बाहेरचा कायदा चालणार नाही म्हणून आजोबा तुरुंगात गेले. नात त्याच प्रकारच्या कायद्याची अंमलबजावणी करणारी अधिकारी झाली, आणि तिला त्यात काही वावगं वाटल्याचं दिसत नाही. मुलं शिकली पाहिजेत हे तिच्यासाठी पहिलं, शाळा कोणाची हे नंतर. हा विषय मेलेला नाही. जुलै २०२० मध्ये मॅकगर्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की क्रीक राष्ट्राची राखीव हद्द काँग्रेसने कधीच रद्द केलेली नव्हती. जिथे अ‍ॅलिस शाळा तपासत फिरत होत्या, त्याच जमिनीबद्दलचा हा निकाल.

या चौकटीत मताधिकाराचा प्रश्न ठेवला की तो बराच सुटतो. मिशनमध्ये बाई शिकवते, हिशेब ठेवते, आजाऱ्याची शुश्रूषा करते, देणगीदारांना पत्रं लिहिते, भाषांतर करते, आणि हे सगळं मताशिवाय. अ‍ॅलिस यांनी स्वतः अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याशी ओळख कमावली आणि १९०५ मध्ये त्यांच्याकडून मस्कोगीचं पोस्टमास्तरपद मिळवलं. पहिल्या श्रेणीच्या टपाल कचेरीच्या त्या पहिल्या स्त्री पोस्टमास्तर, १९१३ पर्यंत. तेही मताशिवाय. आपण जे केलं ते कोणीही कष्टाळू बाई करू शकते, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. मत मिळालं की राजकारणाच्या चिखलात हा नैतिक वजनाचा भाग बुडेल, ही त्यांची भीती. त्यांच्या पाठीशी असलेलं नाव, भाषा, ओळखी आणि वॉशिंग्टनचा अनुभव सामान्य बाईकडे नसतो, हे त्यांच्या हिशेबात आलंच नाही. माझ्या मते त्यांच्या विचारातली चूक इथे आहे, आणि ती चूक दाखवायला त्यांना ढोंगी ठरवण्याची गरज नाही. त्या राज्यातल्या मताधिकारविरोधी संघटनेच्या पदाधिकारी होत्या, हे स्पष्ट लिहा.

टपाल कचेरी सुटल्यावर त्यांनी गावाबाहेर सवोक्ला नावाची शेती केली आणि गावात त्याच नावाचं कॅफेटेरिया चालवलं. पहिल्या महायुद्धात मस्कोगीवरून जाणाऱ्या गाड्यांतल्या सैनिकांना त्या स्टेशनवर जाऊन खाऊपिऊ घालत. १९१६ मध्ये त्या परगण्याच्या शिक्षणाधिकारी पदासाठी उभ्या राहून हरल्या होत्या, हे विसरू नका. नाहीतर १९२० हे पहिलंच पाऊल वाटतं.

१९२० चा विजय नीट समजावून सांगा. त्या रिपब्लिकन पक्षातर्फे उभ्या होत्या. प्रतिस्पर्धी विल्यम हेस्टिंग्ज १९१५ पासूनचे खासदार, डेमोक्रॅट आणि स्वतः चेरोकी. म्हणजे चेरोकींच्या मिशनऱ्याच्या नातीने एका चेरोकी खासदाराला हरवलं. स्थानिक वृत्तपत्रं त्यांना जागा देईनात, तेव्हा त्यांनी छोट्या जाहिरातींच्या रकान्यात जागा विकत घेतली. त्यात कॅफेटेरियातल्या आजच्या जेवणाची खबर आणि तिच्यातच प्रचाराची दोन वाक्यं. लोक मजकुरासाठी ती जाहिरात वाचू लागले. दुपारी त्या टेबलाटेबलाशी जाऊन बोलायच्या. सभा जवळपास नाहीतच. फरक पडला २२८ मतांचा. पण श्रेय सगळं जाहिरातींना देऊ नका. त्या वर्षी रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवार वॉरन हार्डिंग यांच्या लाटेत ओक्लाहोमाने प्रथमच रिपब्लिकन अध्यक्षाला कौल दिला आणि राज्याच्या आठपैकी पाच जागा रिपब्लिकनांकडे गेल्या. लाट नसती तर त्या पडल्या असत्या, आणि त्या उभ्या नसत्या तर त्या मतदारसंघात लाट पुरली असती की नाही हेही सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी लिहा.

काँग्रेसमधली दोन वर्षं (४ मार्च १९२१ ते ३ मार्च १९२३) लिहिताना २० जून १९२१ ची घटना सगळे घेतात. त्या दिवशी त्यांनी हाउसचं (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाचं) अध्यक्षस्थान सांभाळलं आणि असं करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. विषय होता पेरूच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीला शिष्टमंडळ पाठवण्याच्या खर्चाचा. प्रसंग मानाचा असला तरी काही मिनिटांचा. त्यावर दोन वाक्यांहून जास्त खर्च करू नका. जागा ठेवा शेपर्ड-टाउनर कायद्यासाठी. गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या बाळांच्या आरोग्यासाठी राज्यांना केंद्राचा पैसा द्यायचा, अशी ती योजना. नोव्हेंबर १९२१ मध्ये हाउसमध्ये ती २७९ विरुद्ध ३९ मतांनी संमत झाली. विरोधकांत सभागृहातली एकमेव स्त्री, म्हणजे अ‍ॅलिस, होती. त्यांचं म्हणणं, ही घरात सरकारची ढवळाढवळ आहे आणि मोघम योजनेवर पैसा ओतणं आहे. ज्या बाईने आयुष्यभर एकेका देणगीदाराला पत्र लिहून शाळा चालवली, तिला मदत ही माणसाने माणसाला करायची गोष्ट वाटत होती. हा विचार समजतो. तरीही जी आई मिशनपासून पन्नास मैलांवर बाळंत होत होती तिच्यापर्यंत ती मदत कशी पोचणार होती, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. नव्याने मतदार झालेल्या स्त्रियांच्या संघटना त्यांच्यावर उलटल्या त्या इथे.

दुसरा फटका माजी सैनिकांचा. महायुद्धातल्या सैनिकांना जादा रक्कम देणाऱ्या १९२२ च्या बोनस विधेयकाविरुद्ध त्यांनी मत दिलं. गाडीत चढणाऱ्या ज्या पोरांना त्यांनी हाताने वाढलं होतं, त्यांनाच हा विश्वासघात वाटला. विधेयक हाउसमध्ये संमत झालं, हार्डिंग यांनी सप्टेंबरमध्ये नकाराधिकार वापरला आणि नोव्हेंबरमध्ये हेस्टिंग्ज यांनी जागा परत घेतली. पराभवाचं कारण ‘पुरुषी पूर्वग्रह’ असं एका शब्दात सांगणारे लेख दिसतात. ते चूक आहे. लाट ओसरली होती, बायका दुरावल्या होत्या, सैनिक रागावले होते, आणि २२८ मतांच्या आघाडीला यातलं एकही कारण पुरेसं होतं.

‘पहिल्या’ या शब्दाबद्दल काटेकोर राहा. काँग्रेसमधली पहिली स्त्री जॅनेट रँकिन, मोंटानातून, १९१६ मध्ये निवडून आलेल्या. सेनेटमधली पहिली स्त्री रिबेका फेल्टन, नोव्हेंबर १९२२. अ‍ॅलिस यांच्या नावावर टिकणारे दावे असे: विद्यमान खासदाराला हरवून काँग्रेसमध्ये गेलेली पहिली स्त्री, हाउसचं अध्यक्षस्थान भूषवणारी पहिली स्त्री, ओक्लाहोमाची पहिली स्त्री खासदार. हा तिसरा मान दीर्घकाळ एकाकी राहिला. मेरी फॉलिन २००६ च्या निवडणुकीत जिंकेपर्यंत त्या राज्याने दुसरी स्त्री हाउसमध्ये पाठवली नाही.

शेवटचा भाग छोटा पण वस्तुनिष्ठ असू द्या. १९२३ मध्ये हार्डिंग यांनी त्यांना मस्कोगीच्या सैनिकी रुग्णालयात समाजसेविकेचं पद दिलं. बोनसचा राग ताजा होता आणि माजी सैनिकांच्या विरोधामुळे ते टिकलं नाही. १९२५ मध्ये सवोक्लाचं घर जळालं. पुढची वर्षं तंगीत गेली आणि मित्रांच्या मदतीवर भागली. १ जुलै १९३१ रोजी मस्कोगीच्या त्याच रुग्णालयात त्या कर्करोगाने वारल्या.

साधनांबद्दल एवढंच. कुटुंबाची पत्रं आणि कागद टल्सा विद्यापीठाच्या मॅकफार्लिन ग्रंथालयात आहेत, आणि वूस्टर-रॉबर्टसन अशा तीन पिढ्यांचे कागद एकत्र असल्यामुळे एका व्यक्तीचं मत दुसरीच्या नावावर चढणं सोपं आहे. प्रत्येक पत्राची तारीख, लिहिणारा आणि ज्याला लिहिलं तो, हे तीन रकाने आधी भरा, मग मजकूर उतरवा. १९०० ते १९०५ चे अहवाल वाचताना समोर क्रीक परिषदेचे त्या वर्षांचे ठरावही ठेवा, कारण शाळांबद्दल एकाच वर्षी दोन्हीकडे वेगवेगळं चित्र दिसतं. तुमच्या लेखातला नवा भाग त्या फरकातूनच निघेल.